वाचक विचारतात : प्रवाळाच्या सुळक्यावर डाइव्ह

प्रश्न : मालवणला ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला) कोर्स झाला. डिसेंबरात अंदमानात हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) जातोय. तिथल्या डिक्सन्स पिनॅकल या पाण्याखालच्या सुळक्यावर जावं का? (कॉलेज रोड)

उत्तर : लगेच नको. ओपन वॉटरवाल्याची मर्यादा १८ मीटर आणि या सुळक्याचा माथाच सोळा-अठरा मीटरवर. बाजू उतरतात तिशीपार. म्हणजे तुम्ही माथ्यावर घिरट्या घालणार आणि कडेचे मोठे मासे वरून बघणार. आधी एक-दोन दिवस उथळ जागी डाइव्ह करा, मग ॲडव्हान्स्ड कोर्स घ्या (मर्यादा ३० मीटर) आणि त्यातली खोल डाइव्ह इथे मागून घ्या.

परवानगी मिळाली तरी हवेचा हिशेब सुटत नाही. नेहमीच्या ॲल्युमिनियम टाकीत ११ लिटर जागा, दाब २०० बार (बार हे दाबाचं माप). नवखा माणूस पाण्यावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून लागणार ८० लिटर. टाकीतला दाब दाखवणारा गेज मिनिटाला सात बार खाली येतो. ५० बार राखून ठेवले की हातात वीस मिनिटं, त्यातच उतरणं-चढणं. १८ मीटरवर तीच टाकी अर्धा तास पुरते. तेव्हा तळ गाठायची हौस नको. पंचवीसपर्यंत जा, सुळक्याला फेऱ्या मारत वर या आणि शेवटची मिनिटं माथ्यावर घालवा.

प्रश्न : तिथे प्रवाह जोराचा असतो म्हणतात. दोर सुटला तर? (इंदिरानगर)

उत्तर : आधी दोर का लागतो ते पाहू. किनाऱ्यालगतच्या प्रवाळावर उतार चढत चढत पाच मीटरपर्यंत येता येतं. सुळक्यावर ती सोय नाही. माथ्याच्या वर नुसतं निळं पाणी. नजरेला आधार नसला की माणूस नकळत भराभर वर येतो. म्हणून बोटीच्या दोराला धरूनच उतरायचं आणि जमल्यास तिथेच परतायचं. चढताना वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा.

खाली पोचलात की ताबडतोब आडोशाची बाजू धरा. प्रवाह आदळतो त्या बाजूला मासे जास्त हे खरं, पण तिथे पाय मारत राहिलात तर हवा दुपटीने जाते, धाप लागते आणि धापेतून घाबरगुंडी. माणूस दमतो तो बहुधा इथेच. धाप लागली की पोहणं थांबवा, खडकाच्या आड या, लांब श्वास सोडा. हात मात्र कुठेही टेकू नका. दगडासारखा दिसणारा विंचूमासा तिथेच बसलेला असतो. गेजवर १०० बार दिसले की खूण करून डाइव्हमास्टरला (गटाला नेणाऱ्या वाटाड्याला) सांगा, ७० ला चढायला लागा.

दोर सुटलाच तर प्रवाहाविरुद्ध त्याच्यामागे जाऊ नका. गट एकत्र ठेवा. डाइव्हमास्टर फुगवायची नळी वर सोडतो, सगळे तिच्याखाली वाहत थांबे घेतात आणि बोट नळीमागे येते. बोटीवरच विचारा, नळी कोणाकडे आहे? उत्तर गुळमुळीत आलं तर त्या दिवशी सुळका राहू द्या.

प्रश्न : मालवणला सकाळी डाइव्ह करून त्याच दिवशी गाडीने नाशिकला निघालं तर चालेल? (नाशिकरोड)

उत्तर : कोणत्या रस्त्याने जाता त्यावर आहे. फोंडा किंवा करूळ घाटाने गेलात तर दोन-अडीच तासांत तुम्ही पाचशे मीटरच्या वर. डाइव्हिंगच्या हिशेबात ३०० मीटरपासूनच उंची मोजतात. शरीरात विरघळलेला नायट्रोजन तेवढ्यात बाहेर पडलेला नसतो. दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात, मग सांधे दुखतात, मुंग्या येतात. कोकणातून महामार्गाने आलात तर कसाऱ्याचा मोठा चढ अगदी शेवटी, तोवर बरेच तास गेलेले असतात. तरी आमचं मत, एक मुक्काम करा. विमानाचा नियम सरळ आहे : एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, रोज डाइव्ह केल्या असतील तर १८. पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) निघायच्या आदल्या दिवशी कोरडेच राहा. घरी आल्यावर सांधा ठणकला तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपू नका. डॉक्टरांना डाइव्ह केल्याचं आवर्जून सांगा.

प्रश्न : किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा आणला तर? (पंचवटी)

उत्तर : मेलेला, घासलेला असला तरी नको. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सामानाच्या तपासणीत सापडला तर तुकडा जाईलच, गुन्हाही दाखल होऊ शकतो.

प्रश्न : सर्दी झाली तर गोळी घेऊन उतरावं का? (सिडको)

उत्तर : नाही. उतरताना कान उघडला नाही तर मागे फिरता येतं. गोळीचा असर खाली असताना ओसरला तर अडकलेली हवा चढताना फुगते, कानात-कपाळात कळ येते आणि वर येण्याशिवाय दुसरा मार्ग नसतो. दोन दिवस थांबा.