सांगलीत कृष्णेकाठी गळ टाकताना आपली सावली पाण्यावर पडली की मासे का पळतात?

माशाला पापणी नसते, पण वरून सरकणारी सावली म्हणजे बगळा किंवा खंड्या, एवढं त्याला पक्कं कळतं. स्थिर सावलीला तो भीत नाही. उलट भर उन्हात पुलाच्या खांबाची, झुकलेल्या झाडाची सावली धरूनच बसतो, कारण तिथून उजेडातलं भक्ष्य स्वच्छ दिसतं आणि स्वतः लपता येतं. म्हणून गळ सावलीच्या मधोमध न टाकता ऊन-सावलीच्या कडेला, सावलीकडे वीतभर आत सोडा.

उभं कुठं राहायचं? सूर्य समोर हवा. सांगलीच्या घाटावर नदी पश्चिमेला, त्यामुळे सकाळी आपली सावली नेमकी पाण्यात पडते. तिथं संध्याकाळ बरी. सकाळी जायचं तर पलीकडे सांगलवाडीच्या काठाला. पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांखालचं काही माशाला जवळजवळ दिसत नाही, म्हणून काठापासून दोन-तीन पावलं मागे, खाली बसा. काठी डोक्यावरून फिरवू नका, तिचीही सावली पळते! पावसाळ्यात गढूळ पाण्याला हे नियम फारसे लागत नाहीत.

रात्री आमिष लावताना बॅटरी पाण्याकडे पाठ करून लावा. अचानक पडलेला झोतच मासा उधळतो.