दाढ बधिरच होत नाही, लाफिंग गॅस घेऊ का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३६. खालची डावी दाढ रात्रभर ठणकायची म्हणून रूट कॅनॉल करायला गेले. दोनदा इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला, पण ड्रिल लावलं की नुसती कळ. तिथले डॉक्टर म्हणाले तुम्ही घाबरता म्हणून होतंय. आता सुई आठवली तरी हातपाय गार पडतात. मैत्रीण म्हणते लाफिंग गॅस घे, मग इंजेक्शन लागतच नाही. खरंय का? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी एक मनातून काढून टाका, दोष तुमचा नाही. खालच्या दाढेसाठी आम्ही जबड्याच्या मागे, जिथे नस हाडात शिरते तिथे औषध सोडतो, त्याने ओठ बधिर होतो पण दाढेच्या आतली नस सुजलेली असेल तर ती ऐकत नाही, कितीही चांगला हात असू दे. भीतीने दुखणं वाढतं हे खरं, पण सगळं भीतीवर ढकलणं मला पटत नाही.

मैत्रिणीचं मात्र अर्धंच बरोबर. लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो ऑक्सिजनमध्ये मिसळून देतात, त्याने भीती उतरते आणि दुखणं थोडं कमी होतं, पण दाढ बधिर करायला इंजेक्शन लागतंच. फायदा असा की ते इंजेक्शन सुसह्य होतं. अमेरिकेत २०१२ मध्ये एक अभ्यास आला होता, अगदी तुमच्यासारख्या ठणकणाऱ्या खालच्या दाढांचे १०० पेशंट, त्यात गॅससोबत इंजेक्शन घेतलेल्यांत ५० टक्के लोकांना ते नीट लागू पडलं, गॅस नसलेल्यांत २८ टक्के. म्हणजे फरक चांगला आहे, पण निम्म्यांना तरीही कमी पडलंच, तेव्हा दाढेच्या मुळाशी किंवा हाडात जादा औषध द्यायची तयारी त्या डॉक्टरांची आहे का हे आधीच विचारा.

होतं काय, तर नाकावर छोटा मास्क बसवतात, सुरुवातीला नुसता ऑक्सिजन, मग गॅस थोडा थोडा वाढवतात. पाचेक मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, खांदे सैल पडतात, लाइट डोळ्यावर आहे पण त्याचं काही वाटत नाही असं होतं. शुद्ध जात नाही, बोलता येतं, हात वर करून थांबवता येतं. हसू बहुतेकांना येतच नाही, नाव उगीच तसं पडलंय! मग हिरडीवर जेल लावून एक-दोन मिनिटं थांबायचं आणि औषध अगदी सावकाश सोडायचं, घाईने सोडलं की जास्त दुखतं. शेवटी पुन्हा पाच मिनिटं ऑक्सिजन, की डोकं मोकळं.

हे नवीन फॅड नाही हां, १८४४ मध्ये होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने हाच गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती.

आता नीट वाचा. दिवस गेले असतील, विशेषतः पहिले तीन महिने, फुप्फुसाचा जुना आजार असेल, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी सांगा. आणि बी-१२! हा गॅस शरीरातलं बी-१२ निकामी करतो, आपल्याकडे शाकाहारी लोकांत ते मुळातच कमी असतं, त्यामुळे कमतरता असेल किंवा मुंग्या येत असतील तर रिपोर्ट घेऊन जा. त्या दिवशी हलकं खा. सर्दीने नाक चोंदलं असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला, नाकाने श्वासच घेता आला नाही तर गॅस जाणार कुठून.