सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन कळसूबाई चढता येईल का? शिड्यांची भीती वाटते.

चढण्याचं टेन्शन घेऊ नका, मुलं चढतात. मला विचाराल तर उतरण्याचा विचार आधी करा, कारण आमचा सगळा घोळ तिथे झाला.

आम्ही गेलो तेव्हा मुलगा आठचा होता आणि मुलगी साडेपाचची. डिसेंबरातला रविवार. नाशिकहून काळोखातच निघालो, घोटीमार्गे पायथ्याचं बारी गाव गाठलं आणि साडेसहाला चालायला लागलो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे चिरंजीवांना पाठ होतं. पण बारी मुळातच उंचावर आहे, त्यामुळे पायांना प्रत्यक्ष पडतो तो आठशे-नऊशे मीटरचा चढ. तोही थोडाथोडका नाही. बरीचशी मोठी माणसं तीनेक तासांत वर पोचतात, आम्हाला साडेचार लागले. त्यातला अर्धा तास तरी बुटात गेलेला खडा काढणे, शू, आणि 'अजून किती?' यात गेला असेल.

आता शिड्या. उभ्या कातळाच्या जागी तीन-चार लोखंडी शिड्या आहेत, बाजूला धरायला कठडे आहेत. मोठ्यांना त्यांचं काही वाटत नाही, पण पायऱ्यांमधलं अंतर मोठ्यांच्याच पायाच्या मापाचं आहे. मी मुलीच्या मागे एक पायरी खाली राहिले, माझे दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंनी कठड्यावर, तिची पाठ माझ्या छातीला टेकलेली. असं केलं की तिला खालचं फारसं दिसत नाही आणि पाय सटकला तरी ती माझ्या अंगावरच येते. पोराला पाठुंगळी मारून शिडी चढणारे एक-दोन बाबा त्या दिवशी दिसले. कृपा करून हे करू नका. पोरानं मागे वळून बघितलं तरी तुमचा तोल जातो.

वर मजा आली. छोटंसं देऊळ, समोर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, दुसऱ्या बाजूला भंडारदऱ्याचं पाणी. देवीची कथा मी वाटेतच सांगितली होती: कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली ती भांडी घासणार नाही या अटीवर, आणि एक दिवस घासायला लावली तेव्हा सगळं सोडून या डोंगरावर निघून आली, असं सांगतात. (ही कथा सांगण्याआधी विचार करा. आमच्याकडे आजही ताट उचलायला सांगितलं की कळसूबाईचा दाखला मिळतो.)

उतरायला लागलो तेव्हा साडेबारा झाले होते आणि खालून अख्खा रविवार वर येत होता. शिडीवर दोन्ही बाजूंची रांग. मुलीचा नंबर आला, तिनं खाली बघितलं आणि तिथेच फतकल मारली. "मी नाही येणार. मी इथेच राहणार." मागून आवाज, "ताई, पटकन घ्या ना, लाइन थांबलीये." मी तिच्यावर खेकसले. त्यानं ती जास्तच आखडली, हे वेगळं सांगायला नको.

बाजूला काकडी विकत बसलेल्या एका आजींनी सोडवलं. म्हणाल्या, "पोरीला आधी बाजूला घे. समद्यांना जाऊं दे. मग तोंड शिडीकडं करून उतरव." आम्ही पंधरा मिनिटं काकडी खात बसलो. मग मी आधी दोन पायऱ्या उतरले, तिला शिडीकडे तोंड करून उभं केलं आणि तिचा बूट हातात धरून एकेक पायरीवर ठेवत गेले. "उजवा... टेकला? आता डावा." शेवटच्या चार पायऱ्या तिनं माझा हात झटकून स्वतः उतरल्या.

म्हणून एक सोपी गोष्ट करा: जाण्याआधी दोन-तीन संध्याकाळी बागेतल्या घसरगुंडीच्या शिडीवरून मुलांना उलटं, म्हणजे शिडीकडे तोंड करून, उतरायला लावा. न बघता पायानं पायरी शोधायची सवय लागते. सरावाचा डोंगरही एखादा करून घ्या. पुण्याचे असाल तर आतकरवाडीतून पायी सिंहगड, नाशिकचे असाल तर अंजनेरी. खाली येताना गुडघे लटपटले तर कळसूबाई पुढच्या वर्षी.

शनिवार-रविवार टाळा, नवरात्रही टाळा, तेव्हा वर यात्रा असते. पावसाळ्यात कातळ आणि शिड्या दोन्ही निसरड्या, या वयाच्या मुलांना घेऊन मी तरी जाणार नाही. मार्चनंतर ऊन भाजून काढतं, वाटेत सावली फार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. शक्य असेल तर आदल्या रात्री बारीतच मुक्काम करा, गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते, आणि उजाडताच निघा. अकरा वाजले की जिथे असाल तिथून परत फिरायचं, हे घरूनच ठरवून या आणि मुलांनाही सांगून ठेवा. शिखर समोर दिसायला लागलं की मोठ्यांचीच बुद्धी फिरते, मुलं बिचारी परतायला लगेच तयार होतात.

नखं दोन दिवस आधी कापा. हसू नका. उतारावर मुरूम सुटा आहे, पाय पुढे सरकतो, बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात. मुलाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती, बूट नवे आणि अगदी मापाचे घेतल्यामुळे. अर्धा नंबर मोठे आणि महिनाभर वापरलेले बूट घाला, मोजे जाड.

पाणी प्रत्येक मुलामागे दीड लिटर तरी धरा. शिवाय ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे, चिक्की, दशम्या. खाऊ सॅकच्या आत ठेवा, हातातली प्लास्टिकची पिशवी माकडं सोडत नाहीत. आमचे वेफर्स त्यांनीच खाल्ले.