साडेदोन, अडीच आणि औट घटका

प्रश्न : गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारले आहे : "तिसरीला अपूर्णांक शिकवते. साडेतीन, साडेचार जमले की मुले साडेएक, साडेदोनही म्हणू लागतात. चूक आहे एवढे सांगते, का चूक ते सांगता येत नाही. आणखी एक. परवा उंड्याचे, म्हणजे आमच्याकडच्या गोल पावाचे, चार तुकडे केले, एक उचलून 'हा पाव' म्हटले, तर एक मुलगा म्हणतो, 'टीचर, हो पाव न्हय, पावाचो कुडको (तुकडा)!' खायचा पाव आणि चौथ्या हिश्शाचा पाव एकच का?"

उत्तर : साडेदोन म्हणणाऱ्या मुलावर माझा राग नाही. राग आहे तो बसस्थानकांवर कर्ण्यातून "सव्वा एकची गाडी" ओरडणाऱ्या मोठ्या माणसांवर. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. कशाच्या पावासकट? एकाच्या. एक त्यात आलाच, "सव्वाची गाडी" म्हटले की काम झाले. "पावणेएक" ही त्याच जातीची भर. आमच्या घरी दुपारी पाऊण वाजायचा आणि पाने मांडली जायची. पावणेएक कधीच वाजले नाहीत.

असो. पाव, अर्धा यांचे अर्थ तुम्हाला ठाऊक आहेत, थेट अडीचवर येतो. या शब्दात दोन नाहीच, तीन आहे! मूळ संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असे. प्राकृतात त्याचे अड्ढाइज्ज झाले, तिथून आपले अडीच. कोकणीतले अडेज मुळाला आणखी जवळ, त्यातला 'ज' अजून शाबूत आहे. एका स्वयंघोषित व्युत्पत्तिकारांनी मला ठणकावले होते की अडीचमधला 'च' हा "तूच, मीच" मधला, जोर देणारा. म्हणजे मूळ शब्द अडी, आणि आपण सगळे अडीवर जोर देत बसलो आहोत! हा 'च' म्हणजे तृतीयाचे उरलेले शेपूट आहे, एवढे पाहायलाही त्यांना सवड नव्हती.

दीडही याच घराण्यातला. दुसरा अर्धा, तो दीड. कोणी "द्वि अधिक अर्ध" अशी फोड करून "दोन अर्धे" असा अर्थ लावतात. दोन अर्धे मिळून एक होतो, हे तिसरीतला मुलगाही सांगेल. आणि शब्द केवढे जुने पाहा. कलिंगातून दीड लाख माणसे हलवली, हे अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात सांगितले, तिथे शब्द आहे दियढ. त्याच्या लघुशिलालेखात आपण अडीच वर्षे उपासक आहोत असे येते, तिथे अढतिय. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला शब्द आज आपण मासळीबाजारात "अडीचशेला देतेस काय" म्हणून वापरतो.

आता माझा लाडका शब्द, औट. अर्धचतुर्थ, प्राकृतात अद्धुट्ठ, मराठीत औट : चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन. माणसाचा देह औट हातांचा. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांमागोमाग औटकी घोकून घेत. 'औट घटकेचे राज्य' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना त्यात क्रिकेटमधला आउट दिसतो. घटका २४ मिनिटांची, औट घटका ८४ मिनिटांची. गोव्यात १९९० साली अठरा दिवसांचे मुख्यमंत्री होऊन गेले. या हिशेबाने ते पुष्कळच टिकले म्हणायचे. ही मोजणी पुढेही चालायची. जैनांच्या अर्धमागधी ग्रंथांत महावीरांचा जन्म गर्भाचे नऊ महिने आणि साडेसात दिवस भरल्यावर झाला असे दिले आहे, त्यातले साडेसात म्हणजे अद्धट्ठम, आठवा अर्धा.

माझे मत असे (कोशात शोधू नका, माझेच आहे) : साडे हा इथे मागाहून शिरलेला भाडेकरू. सार्ध, अर्ध्यासकट. जुने शब्द जिथे खाली झाले तिथे तो राहायला गेला. औट हिशेबातून उठला, तेव्हा साडेतीन आले. दीड आणि अडीच मात्र तराजूपाशी रोज लागणारे, ते जागचे हलले नाहीत. साडेदोन चूक आहे ते एवढ्याचसाठी, ती खोली रिकामी नाही. तुमचा विद्यार्थी करतो ते आपल्या पूर्वजांनी साडेतीनच्या बाबतीत केलेच आहे. त्याला फक्त थोडा उशीर झाला.

हे सगळे मुलांना सांगू नका. फळ्यावर तीन भाकऱ्या काढा. दोन पूर्ण रंगवा, तिसरी अर्धी. "कितवी अर्धी राहिली?" "तिसरी." तीच अडीच. पावणेदोनला दोन भाकऱ्या काढून दुसरीचा पाव पुसा : पादोन, पावाने उणे. हाच 'ऊन' एकोणीसमध्ये आहे, एकोणतीसमध्ये आहे, तो जाता जाता दाखवून टाका. मात्र जुन्या चोपडीतले १॥।, म्हणजे पावणेदोनच, दाखवाल तर जपून. तिथे लिहिणारा एकावर तीन पाव चढवतो आणि वाचणारा दोनातून एक पाव काढतो. मला स्वतःला हे चौथीत असताना कळले नव्हते, त्याबद्दल छडी खाल्ली आहे. "दोन पूर्णांक एक छेद दोन" वहीत राहू दे. दुकानात जाऊन दोन पूर्णांक एक छेद दोन किलो कांदे मागणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पावाचे राहिले. चौथा हिस्सा तो पाव संस्कृत पादातून आला, चतुष्पादाच्या चार पायांपैकी एक. पोदेर (पाववाला) सायकलवरून आणतो तो पाव पोर्तुगीज पांव, त्याच्या मागे लॅटिन पानिस. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही कथा ज्याने रचली त्याने पोदेराची माफी मागावी. दोघांचे नाते शून्य. तेव्हा तुमचा मुलगा शंभर टक्के बरोबर आहे, आणि पुढच्या वेळी उंड्याऐवजी भाकरी न्या.