घरी बांधलेला फिरता लिडार उन्हात चालवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या आवारात ताशी १० किमीने चालणारी छोटी स्वयंचलित गाडी आहे. लिडार म्हणजे लेसरने आजूबाजूची अंतरं मोजणारा सेन्सर. त्यातला आरपीलिडार ए१ हा तयार फिरता लिडार खोलीत छान चालतो, मैदानात आंधळा होतो. त्याऐवजी गार्मिनचा लिडार-लाइट व्ही३एचपी (एकाच दिशेचं अंतर मोजणारा सेन्सर) स्लिप रिंगवर, म्हणजे फिरत्या भागाला ब्रशमधून वीज आणि डेटा जोडणाऱ्या जोडावर, फिरवून सेकंदाला १० फेऱ्या घेता येतील का?

फिरवता येईल. १० फेऱ्या मात्र डोक्यातून काढा.

ए१ लेसरचा ठिपका आतल्या कॅमेऱ्यावर कुठे पडला यावरून अंतर काढतो, आणि दुपारच्या उन्हात तो ठिपकाच हरवतो. व्ही३एचपी ९०५ नॅनोमीटरचा प्रकाश परत यायला लागलेला वेळ मोजतो, म्हणून बाहेर टिकतो. ४० मीटर हा कागदावरचा पल्ला. काळपट वस्तू आणि भर ऊन असेल तर हिशेबात त्याच्या निम्म्याहून जास्त धरू नका.

आता बिंदूंचा हिशेब. सेकंदाला ५०० मोजण्या धरल्या तर १० फेऱ्यांत फेरीमागे ५० बिंदू, म्हणजे ७.२ अंशांना एक. १० मीटरवर दोन बिंदूंमध्ये सव्वा मीटरची फट राहते. माणूस आरामात सुटतो. २ फेऱ्या ठेवल्या तर २५० बिंदू, १.४४ अंश, १० मीटरवर २५ सेंमी. सेन्सरचा ठिपका तिथे साधारण ८ सेंमीचा असतो, त्यामुळे बारीक खांब एखाद्या फेरीत निसटेल. मोजणी फेरीशी मुद्दाम जुळवू नका. बिंदू दर फेरीत थोडे सरकले की फटी आपोआप भरतात.

२ फेऱ्यांची किंमत अशी की एक फेरी पूर्ण होईतो गाडी १.४ मीटर पुढे गेलेली असते. त्याहून वाईट म्हणजे वळण: सेकंदाला ३० अंशांनी वळताना फेरीभरात १५ अंशांचा फरक पडतो, १० मीटरवर २.६ मीटर. म्हणून प्रत्येक बिंदू त्या क्षणीच्या जायरो (वळण मोजणारा) आणि चाकाच्या एन्कोडरच्या (चाक किती फिरलं ते मोजणारा) आकड्यांनी दुरुस्त केल्याशिवाय नकाशात टाकू नका. अंतर सेन्सर मोजतोच. ते नेमकं कुठल्या कोनातलं आणि कुठल्या क्षणाचं, ही तुमची जबाबदारी, आणि घरगुती लिडार फसतात ते बहुतेक इथेच.

यासाठी छोटा मायक्रोकंट्रोलर फिरत्या भागावर बसवा. खाचांची चकती खालच्या स्थिर भागाला आणि फोटो-इंटरप्टर (खाचेतून आरपार जाणारा प्रकाश ओळखणारा सेन्सर) फिरत्या भागाला. दर १० अंशांना एक अशा ३६ खाचा, त्यातली एक बुजवलेली, म्हणजे शून्य कोन कळतो. दोन खाचांमधला वेळ सुमारे १३.९ मिलिसेकंद, मधला कोन त्या प्रमाणात काढा. मोजणी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ नोंदवून मधली वेळ वापरा. कोन आणि अंतर दोन्हींना एकच घड्याळ मिळतं, हा या मांडणीचा खरा फायदा. फोटो-इंटरप्टर अपारदर्शक खोक्यात हवा. ऊन आत शिरलं की खाचा दिसेनाशा होतात आणि दोष उगाच सॉफ्टवेअरवर जातो.

सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर ज्यावर बोलतात त्या आयटूसी बसच्या तारा स्लिप रिंगमधून नेऊ नका. ब्रशचा क्षणभराचा तुटकपणा बस अडकवून ठेवायला पुरतो. फिरत्या भागावरच वाचा आणि खाली फक्त सीरियल पाठवा: ११५२०० बॉड (डेटाचा वेग), चेकसमसकट (चूक ओळखणारा बेरजेचा आकडा). १२.५ मिमी व्यासाची सहा तारांची कॅप्सूल रिंग पुरते: दोन तारा ५ व्होल्टला, दोन ग्राउंडला, एक डेटाला, एक शिल्लक. ६८० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वर, सेन्सरच्या अगदी जवळ; खाली लावला तर त्याचा उपयोग नाही.

मोटर बाजूला ठेवा, जीटी२ (दातेरी) बेल्ट, २० आणि ६० दातांच्या पुली: मोटर ३६० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), बुरूज म्हणजे वरचा फिरता भाग १२०. बेअरिंग ६८०६-२आरएस (३०×४२×७ मिमी), मधून रिंग जाते.

भोवती ॲक्रिलिकची नळी बसवायचा मोह आवरा. किरण नळीवर सरळ आदळतो, थोडा प्रकाश परत फिरतो, आणि धूळ बसली की प्रत्येक कोनात ‘समोर भिंत’ दिसू लागते. व्ही३एचपी मुळात पाण्याला टिकणारा आहे. त्याचं तोंड उघडं ठेवा आणि झाकण बेअरिंगवर छत्रीसारखं खाली उतरवा. भाग थ्रीडी प्रिंटरवर पीईटीजी किंवा एएसए प्लॅस्टिकमध्ये छापा, पांढरा रंग द्या. पीएलए प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात काळं खोकं तिथवर सहज पोचतं.

कोन आणि अंतर यांच्या नोंदीत राहिलेला उशीर तपासायची सोपी युक्ती: गाडी उभी ठेवून एक खांब स्कॅन करा, मग मोटर उलटी फिरवा. खांब सरकला तर सरकलेल्या कोनाचा अर्धा भाग हा तुमचा उशीर. सेकंदाला ७२० अंशांच्या वेगात २ मिलिसेकंद म्हणजे १.४४ अंश.

डेटा वाचताना प्रतिसाद नसणं म्हणजे मोकळी जागा नव्हे. मावळतीचा सूर्य, काळी मोटार, काच, ओलं डांबर, सगळीकडून कोरं उत्तर येतं. त्या कोनाला ‘माहीत नाही’ म्हणा. १ मीटरच्या आतले आकडेही बेभरवशाचे असतात, बंपरवर अल्ट्रासॉनिक लावा.

स्पीडब्रेकरचं गणित करून ठेवा. सेन्सर जमिनीपासून ४० सेंमीवर असेल आणि नाक २ अंश खाली झुकलं, तर किरण ११.५ मीटरवर जमिनीला लागतो आणि गाडी रिकाम्या रस्त्यात ब्रेक मारते. झुकाव मोजून जमिनीजवळ पडणारे बिंदू गाळा. खड्डा मात्र एका आडव्या पातळीत दिसणारच नाही. २००५च्या डार्पा (अमेरिकेची संरक्षण संशोधन संस्था) स्वयंचलित गाड्यांच्या शर्यतीत जिंकलेल्या स्टॅनफर्डच्या ‘स्टॅनली’वर खाली झुकवलेले पाच लेसर स्कॅनर होते, ते उगाच नव्हे. दुसरा सेन्सर हाती आला तर तो न फिरवता पुढे, खाली रोखून बसवा.

शून्य खाच ०.७ सेकंदात आली नाही, तर गाडी चालवणाऱ्या मोटरचा पुरवठा रिलेने (विजेने चालणाऱ्या स्विचने) तोडा. बेल्ट तुटल्यावर बुरूज थांबतो, पण सेन्सर एकाच दिशेचं अंतर निमूटपणे पाठवत राहतो, त्यामुळे ही तपासणी मुख्य प्रोग्रॅममध्ये न ठेवता वेगळ्या बोर्डावर ठेवा.