वरच्या मजल्याच्या भाड्यावर हप्ता? आधी त्या मजल्याची परवानगी बघा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं, जुळे सोलापुरात एक ग्राउंड प्लस वन घर 62 लाखाला मिळतंय, खाली तुम्ही राहणार, वरचे दोन पोर्शन साडेसहा-साडेसहा हजाराला देणार, 45 लाखाचं लोन काढणार आणि 13 हजार भाडं हप्त्यात घालणार, तर घेऊ का नको. आणि जाता जाता लिहिलंय की वरचा मजला मालकाने नंतर चढवलाय. मला तर सगळ्यात जास्त काळजी तिथंच वाटली.

कारण बघा, बँकेचा माणूस व्हॅल्युएशनला, म्हणजे घराची किंमत ठरवायला येतो तेव्हा तो मंजूर नकाशा हातात घेऊन येतो. नकाशात नुसतं ग्राउंडच असेल तर वरचा मजला तो बहुतेक धरणारच नाही, मग 45 लाख लोन बसत नाही, आणि तोपर्यंत तुम्ही इसार देऊन मोकळ्या झालेल्या असता. शिवाय ज्या भाड्यावर सगळं गणित उभंय तेच विनापरवाना बांधकामातून येणार, उद्या नोटीस आली तर भाडं पण गेलं आणि हप्ता मात्र चालूच. मालक घरपट्टीची पावती दाखवून म्हणेल हे बघा दोन्ही मजले लागलेत, पण घरपट्टी घेतली म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. मंजूर नकाशा, वापर परवाना, बिगरशेतीचा आदेश, उतारा हे सगळं मागा, प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला असेल तर नियमित केल्याचं प्रमाणपत्र पण.

आता पैसे. 45 लाखाला साडेआठ टक्क्याने 20 वर्षांचा हप्ता साधारण 39,000 बसतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 74,000. भाडं मी वर्षाला 12 नाही, 10च महिने धरतो, कारण भाडेकरू बदलताना पोर्शन रिकामा राहतो, रंग, नळ, मोटर निघतंच. म्हणजे महिन्याला 10,800. आणि आपल्याकडे पाणी काही दिवसाआड येतं, तीन कुटुंबांना पुरेल एवढी जमिनीतली टाकी आहे का हे बघितल्याशिवाय साडेसहा हजार मिळतील असं धरू नका, भाडेकरू पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो.

कॅशचं पण जमत नाहीये. 17 लाख डाऊन पेमेंट, वर स्टँप ड्युटी, नोंदणी, वकील मिळून साडेचार लाखाच्या आसपास, आणि तुमच्याकडे आहेत 20. सोनं मोडू म्हणता, नको. दोन लेकरं आहेत, तीन लाख तरी हात न लावता बाजूला हवेत.

टॅक्सचं सांगतो, इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये स्वतः राहता त्या भागाच्या व्याजाची सूट नाही. भाड्याच्या भागाला भाड्यातून 30 टक्के आणि त्या भागाचं व्याज वजा होतं, त्यामुळे भाड्यावर टॅक्स जवळपास लागणार नाही, पण व्याज भाड्यापेक्षा जास्त होऊन जो तोटा उरेल तो पगारातून वजा होत नाही. एजंटने सांगितलेली टॅक्सची बचत विसरा. बायकांच्या नावावर घर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का सवलत आहे, पण खरेदीत मिस्टरांचं नाव आलं की ती जाते, तेव्हा आधी घरात बोलून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे, राहून भाड्याने द्यायची तुमची कल्पना चांगली आहे, पण हे घर 62 ला नको. तुमचा आवाका 50 लाखाच्या आसपास आणि लोन 37 पर्यंत, म्हणजे हप्ता 32,000, वरचा मजला सहा महिने रिकामा राहिला तरी घर चालेल. वरच्या मजल्याला परवानगी नसेल तर मालकाला सांगा, आधी तुम्ही नियमित करून घ्या, नाहीतर फक्त खालच्या मजल्याचा भाव बोला. त्याला घाई असेल तर असू द्या. भाडेकरू ठेवाल तेव्हा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकाची, म्हणजे तुमची असेल, नोटरीवर भागवू नका.

या आठवड्यात एवढं करा, महापालिकेत बांधकाम परवाना विभागात जाऊन त्या प्लॉटच्या मंजूर नकाशाची प्रत काढा आणि मला पाठवा. तोपर्यंत इसाराचा एक रुपया देऊ नका.