कुंपणाचे लाकडी खांब ‘ट्रीटमेंट केलेले’ आहेत म्हणतात. ते कुजणार नाहीत हे तपासतात कसं?

खरी परीक्षा जमिनीतच होते. औषध मुरवलेल्या आणि बिनऔषधी खुंट्या शेजारी शेजारी अर्ध्या पुरून ठेवायच्या, दरवर्षी उपटून वाळवी-बुरशीने किती खाल्लंय ते बघून गुण द्यायचे. अमेरिकेत मिसिसिपीतल्या सॉसियरला १९३८पासून अशा खुंट्या पुरल्या आहेत. बिनऔषधी खुंट्या मात्र हव्यातच. त्या कुजल्याच नाहीत तर औषधाचा गुण कळणार कसा?

एवढी वर्षं थांबायला नको म्हणून प्रयोगशाळेत लाकडाचे छोटे ठोकळे ओली माती भरलेल्या बरणीत वाढवलेल्या बुरशीवर ठेवतात, काही आठवड्यांनी वाळवून वजनातली घट मोजतात. त्याआधी ठोकळे पाण्यात भिजवून काढतात, कारण पावसात धुऊन जाणारं औषध काय कामाचं?

तुमच्यापुरतं सांगायचं तर एका खांबाचा मधोमध काप घ्या. टोकाला औषध हमखास मुरतं, त्यावर जाऊ नका. तांब्याचं औषध असेल तर क्रोम अझ्युरॉल एस हे तांबं ओळखणारं रसायन फवारल्यावर मुरलेला भाग गडद निळा होतो. बाहेरचं रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचं लाकूड, पूर्ण निळं व्हायला हवं. नुसती कडेला रेघ दिसली तर खांब परत करा. आणि ते तुकडे चुलीत घालू नका, त्यात आर्सेनिक असू शकतं.